भट्टीचा खड्डा

साठी बुद्धी नाठी, असं आपल्यात म्हणतात. माझी बुद्धी साठाव्या वर्षी गळाला अडकली.

तोवर माशाशी माझा संबंध नव्हता असं नाही. चाळीस वर्षं मी मासे साफ केले, खारवले, भाजले, कालवणं केली. सासऱ्यांची नजर गेल्यावर त्यांच्या ताटातले काटे काढून दिले. बोंबील, सुकट, जवळा पावसाळ्यापुरता डब्यात भरून ठेवायचं काम माझंच. पण पाण्यातला जिता मासा मी स्वतः कधी धरला नव्हता. ती पुरुषांची गोष्ट होती.

आमचं गाव भिवंडी तालुक्यात. अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीकडे जाताना आत वळायचं. भिवंडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्रमाग येतात, नाहीतर गोदामं. आमच्या अंगाला भाताची खाचरं आहेत, माळ आहे, वीटभट्ट्या आहेत आणि तानसा नदी आहे. वर शहापूर तालुक्यात तिच्यावर १८९२ सालचं धरण आहे. तिथलं पाणी मोठाल्या नळांतून मुंबईला जातं. धरणाखाली उरते ती आमची नदी. पावसात दोन्ही काठ धरून धावते, आणि चैत्र-वैशाखात डोहाडोहांत थांबून राहते.

माझं माहेरही ह्याच नदीच्या काठचं. लहानपणी मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, ओहोळ भरून वाहायला लागला, की घरात एकच शब्द ऐकू यायचा, वलगण. नदीतले मासे अंडी घालायला उलटे चढतात, ओहोळातून वर शेतापर्यंत येतात, त्याला आम्ही वलगण म्हणतो. त्या रात्री बाप आणि भाऊ बत्ती घेऊन निघायचे. कोणाकडे जाळं, कोणाकडे टोपली, कोणाच्या हातात नुसता कोयता. मी एकदा हट्ट करून मागं गेले. बांधावर टोपली धरून उभी होते. पायाजवळून काहीतरी सळसळत गेलं आणि मी ओरडले. बाप म्हणाला, "पोरीची जात, रात्रीची ओहोळात कुठं येतेस? घरी जा, आईला मसाला वाटू लाग." मी गेले. मसाला वाटला. पहाटे टोपलीभर मासे आले, ते साफ करता करता शाळेची वेळ टळली. शेजारणीच्या पोरीनं विचारलं तर मी म्हटलं, आम्ही वलगणीला गेलो होतो. ते "आम्ही" खोटं होतं.

बायका मासळी धरत नव्हत्या असंही नाही. लावणी चालू असताना बांधाच्या बिळातले मुठे आम्हीच धरायचो. ओहोळात फडकं धरून बारीक कोळंबी काढायचो. पण ते कामातलं काम. एक हात मुठीत रोप धरून, दुसरा बिळात. त्याला कोणी मासेमारी म्हणायचं नाही. पुरुष दिवसभर गळ टाकून बसले आणि रिकाम्या हातानं आले, तरी त्यांना मासेमारीचा नाद आहे असं म्हणायचे. नाद हा शब्द बाईला लागला की त्याचा अर्थच बदलतो.

मी १९७७ साली दहावी झाले. दहावीची पद्धत तेव्हा नवीन होती, पहिली परीक्षा १९७५ ला झाली होती. गावात दहावी झालेल्या मुली बोटावर मोजण्याइतक्या. पुढं शिकायचं मनात होतं, पण लग्न ठरलं. सासरी आठ माणसं, दोन बैल, एक म्हैस आणि चार ठिकाणी मिळून अडीच एकर भात. त्यातलं सगळ्यात चांगलं खाचर वडाखालचं. तीस गुंठ्यांचं. माती काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. इतर शेतांत पाऊस ओढला की भात पिवळं पडायचं, वडाखालचं मात्र हिरवंगार. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. ते खाचर मला माझ्या माणसासारखं वाटायचं. माहेराहून आल्यावर पहिल्या वर्षी माझा जीव रमला तो तिथंच.

१९९८ च्या दिवाळीनंतर एक भट्टीवाला घरी आला. पुढच्या वर्षी मोठ्या मुलीचं लग्न करायचं होतं. चिकण माती विटेला चांगली, हे त्याला माहीत होतं. ओटीवर बोलणी झाली. कमरेइतकी माती काढायची, तीन हंगाम भट्टी लावायची, मग खाचर सारखं करून परत द्यायचं, असं ठरलं. कागद झाला नाही. मी आतून चहा नेऊन दिला, तेव्हा बोलणं संपत आलं होतं. रात्री मी आमच्या ह्यांना म्हटलं, "वडाखालचं सोडून दुसरं द्या." ते म्हणाले, "दुसऱ्याची माती त्याला नको. आणि लग्नाचे पैसे काय झाडाला लागलेत?" ते खोटं बोलत नव्हते. लग्न त्याच पैशांवर झालं.

भट्टी तीनऐवजी पाच हंगाम चालली. माती कमरेइतकी नाही, दोन पुरुष खोल गेली. पाचव्या वर्षी भट्टीवाला जो गेला तो परत आला नाही. मागं राहिला खड्डा, तुटक्या विटांचा ढीग आणि जळक्या तुसाचा काळा थर. पुढच्या मृगात खड्डा पाण्यानं भरला. वडाचं एक मूळ उघडं पडून पाण्यात लोंबत होतं. ते बघून मी घरी आले आणि नंतर कितीतरी वर्षं त्या वाटेनं गेले नाही. गवताला जायचं झालं तरी लांबच्या बांधानं जायचे. आमचे हे २०१६ साली गेले. तोपर्यंत आमच्या दोघांच्या बोलण्यात त्या खाचराचं नाव आलं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटलं असतं.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदी लागली. माझा मुलगा मानकोलीच्या अंगाला एका गोदामात नोकरीला, तो घरी बसला. भिवंडीतले माग थांबले. मागावरची परमुलखातली माणसं आग्रा रोडनं चालत आपल्या गावांना निघाली, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो आणि तो रस्ता आमच्यापासून फार लांब नव्हता. आठवड्याचा बाजार बंद, मासळीवाली येईना. नातू नऊ वर्षांचा, शाळा नाही, दिवसभर मोबाईल.

मे महिन्यात एका संध्याकाळी आमची शेळी चुकली. नातवाला घेऊन शोधत निघाले. शेळीचं ओरडणं वडाच्या बाजूनं आलं. जावं लागलं. सोळा वर्षांनी मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिले.

मी उघडं-बोडकं भगदाड डोळ्यांपुढे धरून होते. तिथं तळं होतं. काठानं पाणकणीस वाढलं होतं, विटांच्या ढिगावर करवंदीची जाळी होती. वैशाखातही मधे निळंशार पाणी होतं. एक खंड्या वडाच्या त्या लोंबत्या मुळावर बसला होता. आणि पलीकडच्या काठाला एक बाई उकिडवी बसली होती, हातात काठी. शेळी तिच्या शेजारी निवांत चरत होती.

कातकरी वाडीतली ती. आमच्या शेतावर लावणीला, कापणीला आलेली. माझ्याच वयाची असेल, तिला तिचं वय माहीत नाही. मला बघून ती उठली आणि काठी पाठीमागं लपवली. माझ्या तोंडून निघालं, "कोणाला विचारून मासे धरतेस गं?"

ती म्हणाली, "वैनी, ह्याच मातीच्या इटा मी पाडल्यात. दोन हंगाम. तुझी माती गेली, माझी कंबर गेली. चार मासे धरले तर काय झालं?"

मला बोलता येईना. मला ठाऊक होतं की भट्टीवर कातकरी कुटुंबं असतात. पावसाळ्यात अडल्यावेळी भट्टीवाल्याकडून बयाना घ्यायचा, दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचं, रात्री दोनला उठून चिखल तुडवायचा, हजारावर मजुरी मोजायची, आठवड्याला खावटी घ्यायची, आणि मे अखेर हिशेबाला बसलं की पुन्हा बयाना अंगावरच. सगळं ठाऊक होतं. पण माझ्या खाचराच्या दुःखात मी कधी त्या खड्ड्यात माणसं बघितली नव्हती. मला फक्त गेलेली माती दिसत होती.

माझा नातू तेवढ्यात तिच्याजवळ जाऊन बसला होता. "आजी, हिच्या टोपल्यात बघ!" टोपलीत सहा-सात चिलाप्या होत्या आणि एक हातभर काळी मरळ. टाळेबंदीत तिच्या पोराची मजुरी बंद होती. रेशनचा तांदूळ होता, कोरड्यास नव्हतं.

मी विचारलं, "इथं मासे आले कुठून?"

"वलगणीत. ओहोळातून चढतात, खड्ड्यात पडतात, मग उतरायला वाट नाय."

नातू म्हणाला, "मला पण दे." तिनं काठी त्याला दिली. त्याला काही लागलं नाही, पाचव्या मिनिटाला कंटाळला. काठी त्यानं माझ्या हातात कोंबली आणि शेळीमागं पळाला. मी ती धरून उभी राहिले, परत द्यावी म्हणून. तर ती म्हणाली, "बस जरा खाली. उभं राहिलं की सावली पडते पान्यात."

मी बसले. बांबूची बारीक काठी, तंगुसाचा दोरा, बारका गळ आणि दोऱ्याला रबरी चपलेच्या टाचेचा सुपारीएवढा तुकडा. तो तुकडा पाण्यावर तरंगत होता. त्याच्याकडे बघायचं, एवढंच काम. थोड्या वेळानं तो हलला. मी ओढलं. काही नाही. "घाई केलीस. ती चाखते आधी. चाखू दे. बुडला की मग." पुन्हा बघत बसले. तुकडा एकदा हलला, दोनदा हलला आणि सर्रकन बुडाला. मी काठी वर केली आणि माझ्या हातात काहीतरी जिवंत ओढ घेऊ लागलं.

ती ओढ मला सांगता येत नाही. म्हशीचं दावं हातात असतं तेव्हा ओढ असते, पण ती दिसत असते. ही न दिसणारी. पाण्याखालून कोणीतरी हात धरल्यासारखी. मासा वर आला, वीतभर चिलापी, अगदी सामान्य. मी इतक्या मोठ्यानं हसले की शेळी बिचकली. नवरा गेल्यापासून मी तशी हसले नव्हते. खरं सांगायचं तर त्याच्या आधीही बरीच वर्षं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी शेळी न घेताच गेले.

तिनं मला शिकवलं. शेणखताच्या खड्ड्यातलं तांबडं गांडूळ घ्यायचं, गळावर ओवताना शेपूट मोकळं ठेवायचं, म्हणजे ते वळवळतं. गांडूळ नसलं तर कणकेचा गोळा, त्यात चिमूटभर हळद. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मासा खातो. भर दुपारी तो खाली जातो, तेव्हा आपणही घरी जावं. पाऊस पडून पाणी गढूळ झालं की काठाच्या जवळ टाकायचं. आपटून चालायचं नाही, मासा पायाचा आवाज ऐकतो. बोललेलं त्याला तेवढं कळत नाही, त्यामुळं आम्ही बोलायचो.

चिलापी कोणीही धरील. मूळची ती आफ्रिकेतली, आता जिथं पाणी तिथं आहे आणि पोरवडा भारी. शिंगटी मात्र धडा शिकवते. ती काढताना तिच्या कल्ल्याजवळचा काटा माझ्या अंगठ्यात गेला आणि खांद्यापर्यंत आग उठली. माझ्या शिक्षिकेनं मला ओढत घरी आणलं आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायला लावला. तासाभरानं कळ उतरली. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या चुलीजवळ आली. चाळीस वर्षं ती आमच्या अंगणात जेवली होती. पान मीच वाढायचे, अंगणातच.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायला लागल्या, "म्हातारी कातकरीण झाली." मला ते लागलं. रात्री पडल्या पडल्या विचार केला की नक्की काय लागलं? म्हातारी हा शब्द खराच होता. मग दुसरा शब्द शिवीसारखा का वाटला? जिनं मला हे दिलं तिच्या जातीचं नाव मला लावलं, तर मान खाली का गेली? त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली, ती गळ धरल्याची नव्हती.

मुलगा म्हणाला, "आये, लोक हसतात. तुला मासे पाहिजेत ना? आता बाजार उघडलाय. दोन किलो आणून टाकतो, काय पाहिजे ते सांग."

मी म्हटलं, "मला मासे नको रे. मला धरायचेत."

त्याला ते कळलं नाही. सुनेला कळलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिनं माझ्या हातातलं निवडायचं सूप काढून घेतलं आणि म्हणाली, "जा तुम्ही. ऊन उतरलं."

पहिल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं व्हायचं नाही. श्रावणात एका सकाळी पाण्यावर तांबडा गोळा दिसला. जवळून बघितलं तर शेकडो बारीक पोरं, कुंकवाच्या रंगाची, एकमेकांत घुसत-निघत चाललेली. मरळीची पिल्लं. मरळ काही सोडून जाणारा मासा नाही. नर-मादी पिल्लांच्या खाली राखण करत फिरतात. मरळीला वर येऊन हवा घ्यावी लागते, पिल्लांनाही, म्हणून तो गोळा थोड्या थोड्या वेळानं वर येतो आणि खाली मोठं तोंड उघडताना दिसतं. ज्यांना माहीत आहे ते त्या गोळ्यातच बेडकी लावलेला गळ टाकतात. राखणारी मरळ भूक नसली तरी चवताळून तोंड मारते आणि अडकते.

माझ्या मैत्रिणीनं, आता मैत्रीणच म्हणते, बेडकी लावलेला गळ काढला. मी तिचा हात धरला. "नको गं. पोरं उघडी पडतील. दुसरे मासे खाऊन टाकतील त्यांना."

तिनं हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "वैनी, तुझ्या कणगीत भात हाय. तू सोडशील."

मी हात काढून घेतला. ती खरं बोलली होती. मी धरलेला मासा सोडला तर माझ्या घरी वालाची आमटी असते. तिच्या घरी त्या दिवशी काय होतं ते मी विचारलं नव्हतं. नाद आणि पोट ह्यांच्यात माझ्या अडीच एकरांचं अंतर होतं, आणि दया करायची ताकदही त्या अडीच एकरांतूनच आली होती. तिनं गळ टाकला नाही, माझ्यासाठी. पण माझ्यासाठी तिनं उपाशी राहणं हे मला मरळ मेल्यापेक्षा जड वाटलं. मी घरी जाऊन पायलीभर तांदूळ आणि सुकट घेऊन आले. तिनं घेतलं, पण खूश झाली नाही. म्हणाली, "असं रोज देशील काय? मग मी कशाला गळ टाकू? मला बी बसायला आवडतं इथं. पन तुला नाद म्हनतात, मला कोन म्हनतं?"

त्यावर आम्ही एक रीत ठरवली, ती आजवर पाळतो. खड्ड्यातले मासे दोघींचे. पिल्लांचा गोळा दिसला की महिनाभर त्या कोपऱ्यात गळ टाकायचा नाही, आणि त्या महिन्यात मी धरलेलं सगळं तिच्या घरी जायचं. वलगणीत ओहोळाच्या तोंडावर जाळं लावू द्यायचं नाही, गावातल्या पोरांनाही नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीच. मग आमच्या ओहोळात पोटात गाभोळी घेऊन चढणारी मादी टोपल्यांनी भरायची, हे कसं? माझ्या बापानं भरल्या, भावांनी भरल्या, मी त्या साफ केल्या आणि गाभोळी तळून खाल्ली. त्या वेळी नदीत पुरून उरायचं. आता आमची पोरं इन्व्हर्टरचा करंट पाण्यात सोडून मासे मारतात. त्यात बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. वलगणीच्या रात्री मी आता बॅटरी घेऊन ओहोळावर जाऊन बसते. बापानं घरी पाठवलेली मुलगी साठीनंतर वलगणीला गेली आणि राखण करायला बसली. पायाजवळून सळसळत जातात, तेव्हा मी आता ओरडत नाही.

मध्यंतरी एकानं सुचवलं, खड्ड्यात थाई मांगूर सोडा, सहा महिन्यांत पैसे. ह्या मांगुराला पाळायला बंदी आहे. आमच्याच तालुक्यात चोरून पाळलेली तळी सरकारनं बुजवली. तो बाकीचे सगळे मासे फस्त करतो. मी नको म्हटलं. माझं नको कोणी ऐकून घेतं, ह्याचंच मला नवल वाटलं.

ते ऐकून घ्यायचं कारण यंदा कळलं. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यात आमण्यापर्यंत पुरा झाला, तसे जमिनींचे दलाल आमच्याही बाजूला फिरायला लागले. एकानं मुलाला गाठलं. खड्ड्यात भराव टाकून गोदामाचा प्लॉट करायचा. जो आकडा तो बोलला तो आमच्या सात पिढ्यांनी एकत्र बघितलेला नाही. मुलाचं चुकत नाही. त्याला नोकरी कधी आहे, कधी नाही. नातवाचं कॉलेज तोंडावर आलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्याच्या बापापुढं जो प्रश्न होता तोच आज त्याच्यापुढं आहे, आणि आता मला त्या दोघांचाही राग येत नाही. आमच्या ह्यांनाही त्या खाचराचं दुःख असणार. ते गप्प राहिले ते दुःख नव्हतं म्हणून नाही, हे मला त्यांच्या माघारी गळ धरून बसल्यावर उमजलं. पाण्याकडे बघत बसलं की माणसाला उशिरा का होईना काही गोष्टी दिसतात.

फरक एवढाच की त्या वेळी सातबाऱ्यावर माझं नाव नव्हतं. मी चहा नेऊन दिला होता. हे गेल्यावर वारस नोंद झाली आणि आता सातबाऱ्यावर चार नावं आहेत, मुलगा, दोन्ही मुली आणि पहिलं माझं. दलाल कागद घेऊन ओटीवर बसला तेव्हा सुनेनं चहा आणला आणि मी समोर बसले होते. कागद मी सगळा वाचला. दहावीचा तेवढा उपयोग झाला. पान उलटून मागचंही वाचलं. त्याला घाई होती.

मी सही केलेली नाही. कधीच करणार नाही असंही मुलाला म्हटलं नाही, कारण पोटाचं कोडं मला खड्ड्याच्या काठावर एका बाईनं समजावून दिलंय. मी म्हटलं, मुलींशी बोलू. आणि जिनं तिथल्या विटा पाडल्या तिला काय द्यायचं, तेही त्या कागदात धरायचं. दलाल हसला. मुलगा मात्र हसला नाही, मान खाली घालून बसला होता.

मैत्रिणीला हे लिखाण वाचून दाखवलं. तिचं नाव घालू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव कशाला? मासे घाल." तिनं दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, एक गांडुळाची आणि एक मरळीची. मग म्हणाली, "ऊन उतरलं बग."

मी वही मिटली. आता जाते.